सासूबाईंना ‘एस’ लावायचा का?

एप्रिल-मे महिन्यात आमच्याकडं इंग्रजी शिंकत शिंकत शिकावं लागतं. क्लास माडीवर आणि खाली मिरची कांडप. वर्षाची चटणी करायचे दिवस असले की सकाळपासून डंक धडधडत असतो, तिखटाचा ठसका जिन्यानं वर येतो आणि ‘आय गेट अप ॲट फाइव्ह’ एवढं एक वाक्य फळ्यावर लिहून होईपर्यंत तिघी-चौघी पदराआड शिंकून मोकळ्या होतात. कोल्हापूरच्या शाहूपुरीत एवढ्या भाड्यात दुसरी जागा मिळाली असती तर मी कधीच हलले असते. मिळाली नाही. आता त्या धडधडीची इतकी सवय झालीय की पावसाळ्यात डंक थंडावला की मलाच चुकल्यासारखं होतं.

माझी बॅच दुपारी तीन ते साडेचार. ही वेळ मी नाही, बायकांनी ठरवली. तीनच्या आत जेवणं, भांडी, आवराआवर. साडेचारनंतर पोरं घरी येतात, चहा होतो, संध्याकाळचं सुरू होतं. मधल्या ज्या दीड तासात पाठ टेकायची, ती न टेकता या माझ्या सोळा पायऱ्या चढतात. जोडीला दोन-तीन इतर मंडळी: कुंभार गल्लीतले एक मूर्तिकार मामा, तालमीत राहणारा एक पैलवान, रात्रपाळीवरची एक नर्स. त्यांचाही तोच वेळ मोकळा. म्हणजे दिनक्रमाच्या धड्याआधीच मला सगळ्यांचा दिनक्रम कळलेला असतो.

पहिला धडा तोच, ‘माय डेली रूटीन’. जगात कुठंही इंग्रजी शिकायला बसा, पहिल्या काही दिवसांत हा धडा येतोच. कौन्सिल ऑफ युरोपनं २००१ साली भाषा येण्याच्या सहा पायऱ्या ठरवून दिल्या, ए-वनपासून सी-टूपर्यंत. त्यातल्या दुसऱ्या पायरीवरच्या माणसाला आपलं घर, घरची माणसं आणि रोजचा दिवस साध्या शब्दांत सांगता यावा अशी अपेक्षा आहे. हिशोब सरळ आहे. रोजच्या दिवसाला बहुतेक एकच काळ पुरतो, साधा वर्तमान. क्रियापदं तीस-चाळीस, आणि तीच ती. सांगायला काही नवं सुचावं लागत नाही, कारण ते काल केलेलं असतं आणि उद्या करायचं असतं. ढाक्यात शिकवलेल्या मायकेल वेस्ट नावाच्या इंग्रज शिक्षकानं इंग्रजीतल्या सगळ्यांत कामाच्या सुमारे २००० शब्दांची यादी १९५३ साली छापली. माझ्या बायकांचा दिवस त्यातल्या दोनशे शब्दांत सहज उरकावा, असं मला सुरुवातीला वाटायचं.

तसा तो उरकत नाही, हे मला एका वहिनींनी शिकवलं.

त्यांची पाळी आली. उभ्या राहिल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, “माय मदर-इन-लॉ गेट अप ॲट फोर.” मी सवयीनं म्हटलं, “गेट्स.” त्या म्हणाल्या, “गेट.” मी म्हटलं, “एस लावा, वहिनी. गेट्स.” त्या गप्प झाल्या. मला वाटलं ऐकू आलं नसेल, खाली डंक चालू होता. पण त्यांना ऐकू आलं होतं. “बाई,” त्या म्हणाल्या, “तुम्हीच सांगितलं न्हवं, ‘एस’ एकट्याला लागतो, लई जणांना न्हाई म्हणून? मग सासूबाईंना कसा लावू? ‘सासूबाई उठती’ म्हटल्यागत वाटतंय.”

मी खडू हातात धरून उभी. वीस वर्षं हा ‘एस’ शिकवत होते. मराठी माणूस तो का विसरतो, याचं माझं ठरलेलं उत्तर होतं: आळस. या बाईनं ते एका वाक्यात निकालात काढलं. मराठीत मान म्हणजे अनेकवचन. सासूबाई उठतात, मामंजी जेवतात, सर येतात. एकटं माणूस, पण क्रियापद दहा जणांचं. एकवचन उरतं ते पोराला, मांजराला आणि देवाला: मनी येते, आंबाबाई पावते. इंग्रजीतला ‘एस’ म्हणजे नेमकं तेच एकवचन. तो लावायचा म्हणजे सासूबाईंना मांजराच्या ओळीत बसवायचं. वहिनींची जीभ अडखळली ती व्याकरणानं नाही, रीतीनं.

तेव्हापासून मी वर्गात पाहायला लागले. हा ‘एस’ सगळीकडं सारखा गळत नाही. ‘माय सन गोज टू स्कूल’ बरोबर येतं. ‘माय कॅट स्लीप्स’ बरोबर येतं. गळतो तो सासऱ्यांचा, मास्तरांचा, नवऱ्याचा. नवऱ्याच्या बाबतीत तर आणखी एक गाठ. अजून कितीतरी घरांत नाव घेत नाहीत. ‘हे’ म्हणतात, ‘आमच्यात’ म्हणतात. त्यामुळं वर्गात ‘दे गो टू मार्केट यार्ड’ असं वाक्य आलं की मी विचारते, कोण कोण जातं? आणि उत्तर येतं, “हे एकटेच जातात की.”

या ‘एस’नं कुणी खचून जाऊ नये म्हणून मी दोन गोष्टी सांगते. एक, रॉजर ब्राउन नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं तीन लहान मुलांचं बोलणं कित्येक महिने टिपून १९७३ साली पुस्तक काढलं. घरात इंग्रजीच ऐकणाऱ्या त्या पोरांनाही हा ‘एस’ बराच उशिरा आला. ‘आयएनजी’ कधीच येऊन बसला होता. दोन, इंग्लंडच्या पूर्वेला नॉर्फक नावाचा भाग आहे. तिथली जुनी माणसं पिढ्यान्‌पिढ्या ‘शी गो’, ‘ही सी’ असंच बोलत आली. पीटर ट्रडगिल यांनी नॉरिच शहरातल्या बोलण्याचा अभ्यास १९७४ मध्ये छापला, त्यात याची मोजदादच आहे. म्हणजे आमच्या वहिनी नॉर्फकात जन्मल्या असत्या तर त्यांचं वाक्य बरोबर ठरलं असतं. हे ऐकून वर्गात नेहमी हशा होतो. मग मी सांगते की परीक्षा नॉर्फकात नाही, ‘एस’ लावायचाच.

क्रियापदाची दुसरी गोष्ट मात्र आमच्या बायकांना फार आवडते. ‘आय गेट अप’ म्हणणारा बाप्या का बाई, हे इंग्रजीत कळतच नाही. पुण्याची मुलगी ‘मी उठते’ म्हणेल. कोल्हापुरात आम्ही बाया खुशाल ‘मी उठतो, मी जातो, मी आलो’ म्हणतो आणि बाहेरगावचे लोक त्यावर हसतात. इंग्रजीला त्याचं काहीच नाही. एक काकी म्हणाल्या, “म्हंजे इंग्रजी आमच्यागतच हाय म्हणा की!” भाषाशास्त्राला हे पटायचं नाही, पण त्या दिवशी वर्गात जो उत्साह आला तो पाहून मी मुळीच दुरुस्ती केली नाही.

आता माझं सांगते. माझं इंग्रजी पाचवीपासून. आपल्या राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. त्याआधीच्या आम्ही सगळ्या पाचवीवाल्या. घरी वडिलांची तर्खडकरांची भाषांतर पाठमाला होती, पानं सुटलेली, दोऱ्यानं शिवलेली. मराठी वाक्य, त्याचं इंग्रजी वाक्य, पुन्हा मराठी. त्यात राजे, व्यापारी, सद्गुणी मुलगे यांची रेलचेल. मी त्यावर वाढले आणि इंग्रजी घेऊन बी. ए. झाले. हार्डीच्या कादंबऱ्या वाचल्या, त्यांवर चार-चार पानी उत्तरं लिहिली. मग पुण्याला एका ऑफिसात मुलाखतीला गेले. समोरच्या साहेबांनी हसून विचारलं, “सो, व्हॉट डू यू डू?” मी खुर्चीत सावरून बसले आणि म्हणाले, “आय ॲम सिटिंग.”

ते हसले. शेजारच्या बाईही हसल्या. परतीच्या एसटीत सातारा मागं गेल्यावर माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला: त्यांनी आत्ता काय करतेस असं विचारलंच नव्हतं, एरवी काय करतेस असं विचारलं होतं. ‘डू’ आणि ‘डूइंग’ यांत एवढं अंतर. एखाद्या कादंबरीतल्या नायिकेच्या शोकांतिकेची कारणं मला सांगता येत होती. स्वतःची सकाळ सांगता येत नव्हती.

मराठीत ‘मी काम करतो’ म्हणजे रोज करतो. ‘मी काम करतोय’ म्हणजे आत्ता करतोय. इथवर दोन्ही भाषा सारख्या चालतात. घोटाळा पुढं आहे. आपल्याकडं ‘मी रोज पाचला उठत असतो’ असंही म्हणतात आणि त्यात काही वावगं नाही. ते ‘असतो’ मनात घोळतं आणि तोंडातून ‘आय ॲम गेटिंग अप ॲट फाइव्ह डेली’ बाहेर पडतं. इंग्रजी कानाला ते असं ऐकू येतं, की माणूस रोज पाचला उठण्याच्या मधोमध अडकून पडलाय, अंथरुणातून अर्धा बाहेर. निसिम इझिकेल हे मुंबईचे इंग्रजी कवी, मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल समाजातले. मिस पुष्पा टी. एस. यांच्या निरोप समारंभावरच्या त्यांच्या कवितेत ही ‘आयएनजी’ची हौस ओळीओळीला आहे. कॉलेजात ती कविता शिकताना आम्ही पोट धरून हसलो. आज मला तितकं हसू येत नाही. पुष्पाबाईंना निरोप देणारा तो माणूस निदान उभा राहून बोलला तरी. मी ‘आय ॲम सिटिंग’वर थांबले.

आमचा पैलवान मात्र कशावरच थांबत नाही. वय बावीस, मान आणि डोकं यांच्यात फट नाही, कान मोडलेले. त्याला परदेशातल्या स्पर्धेला जायचंय आणि तिथं कुणी विचारलं तर सांगता आलं पाहिजे म्हणून तो येतो. पहिल्या दिवशी त्यानं सांगितलेली सकाळ मी वहीत लिहून ठेवलीय: “आय गेट अप ॲट फोर. आय बीट जोर. देन आय बीट बैठक. देन आय बीट वन राउंड ऑफ रंकाळा.” वर्गाला काहीच खटकलं नाही. जोर मारतो, बैठका मारतो, रंकाळ्याला फेरी मारतो. तिन्हीकडं मारणंच आहे, मग ‘बीट’ का नको?

त्या दिवशी मी ठरवलेला धडा गुंडाळून ठेवला आणि फळ्यावर ‘मारणे’ लिहिलं. झाडू मारणे, पाणी मारणे, दांडी मारणे, गप्पा मारणे, शिक्का मारणे, डुलकी मारणे, हाक मारणे. यातल्या कशातच मारामारी नाही. ‘मारणे’ हे इथं नुसतं हँडल आहे. दार कुठलं ते आधीचा शब्द सांगतो. इंग्रजीतही अशी हँडलं आहेत: ‘डू’, ‘मेक’, ‘हॅव’, ‘टेक’. फक्त कुठल्या दाराला कुठलं हँडल, हे त्यांनी त्यांच्या मनानं ठरवलंय. आपण आंघोळ ‘करतो’, ते ‘घेतात’. अमेरिकेत ‘टेक’, इंग्लंडात बऱ्याचदा ‘हॅव’. आपण चहा ‘करतो’ आणि भांडी ‘घासतो’. त्यांचा चहा ‘मेक’ आणि भांडी ‘डू’. आपण जेवतो, ते जेवण ‘हॅव’ करतात. यात तर्क शोधायला जाऊ नये. शोधणारे हुशार विद्यार्थी मागं पडतात, पाठ करणारे पुढं जातात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून शब्द सुटा कधीच लिहून घ्यायचा नाही. वहीत ‘बाथ म्हणजे आंघोळ’ असं लिहिलं की संपलं, तोंडातून ‘डू बाथ’च येणार. वहीत ‘टेक अ बाथ’ असं अख्खं लिहायचं.

त्यातही ‘बाथ’वर एका मावशींनी मला धरलं. फोनवरच्या धड्यात त्यांनी चित्र पाहिलं होतं: बाई टबात आडवी, वर फेस. “आमी असं कुठं आंघोळ करतोय, बाई? बादली घ्यायची, चार तांबे वतायचे, उठायचं.” बरोबरच होतं त्यांचं. त्यासाठी आपल्या देशातल्या इंग्रजीनं ‘बकेट बाथ’ हा शब्द तयार केलाय, आणि तो वापरायला मी बिनदिक्कत सांगते.

इथं माझं आणि छापील पुस्तकांचं बिनसतं. पुस्तकातला माणूस उठतो, दात घासतो, नाश्ता करतो, बस पकडतो, ऑफिसला जातो, घरी येतो, टीव्ही बघतो, झोपतो. बिचाऱ्याला काही कामच नाही. त्याच्या घरी पाणी आपोआप येतं. माझ्या वर्गात पहाटेची मुख्य घटना नळाला पाणी येणं ही असते. पाणी आलं की उठायचं, बॅरल, घागरी, पिंप भरायचं, शेजारणीला हाक मारायची, मोटर लावायची, गेलं की कळशी झाकायची. हे सगळं ‘पाणी भरणे’ या दोन शब्दांत बसतं आणि ऐकणाऱ्या प्रत्येकीला त्याचे कष्ट कळतात. ‘आय फिल वॉटर’ म्हटलं तर इंग्रजाला कळणार नाही कशात भरता आणि का. मी सांगते, लांब सांगा. ‘द टॅप वॉटर कम्स फॉर वन अवर. आय फिल ऑल द पॉट्स.’ एक शब्द सापडला नाही तर दोन वाक्यं करायची, लाजायचं नाही. भाषा यायला लागली याची माझी खूण हीच आहे. शब्द अडला तर माणूस वळसा घालून पुढं जातो का, हे मी बघते.

चटणीचंही तसंच. आम्ही चटणी म्हणतो ती वर्षभराची तिखटपूड, कांदा-लसूण घालून खाली कुटतात ती. इंग्रजीत ‘चटनी’ गेली ती आंब्याची, गोडसर, बरणीतली. १८८६ साली निघालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या हिंदुस्थानी-इंग्रजी कोशात ती आहे. त्यातच ‘टिफिन’ही आहे. तो शब्द इंग्रजीच, पण खुद्द इंग्रजांच्या देशात मागं पडला आणि आपल्याकडं डब्याच्या रूपानं जेवत राहिला. तेव्हा ‘आय पॅक द टिफिन’ म्हणायला कुणाची परवानगी लागत नाही. भाकरीला मात्र ‘ब्रेड’ म्हणू देत नाही. भाकरी ही भाकरीच. “आय मेक ट्वेंटी भाकरीज एव्हरी मॉर्निंग,” असं एका बाईंनी सांगितलं, आणि इंग्रजीचा ‘एस’ पहिल्यांदा विनातक्रार लागला तो भाकरीला.

घड्याळाकडं येते. साडेपाच, सव्वापाच, पावणेसहा हे आपण न मोजता बोलतो. इंग्रजीत ‘हाफ पास्ट’, ‘क्वार्टर पास्ट’, ‘क्वार्टर टू’. त्यात पावणेला सगळे फसतात. पावणेसहा म्हणजे ‘क्वार्टर टू सिक्स’ हे कळतं, पण ‘टू’ ऐकला की कुणाला दोन आठवतात. शिवाय ‘सकाळी, रात्री, सोमवारी, पाचला’ यांतल्या ई आणि ला या दोन शेपट्यांसाठी तिकडं ‘इन, ॲट, ऑन’ तिघे उभे. सकाळ ‘इन’, पण रात्र ‘ॲट’. का, ते विचारू नका.

घड्याळ शिकवायला मी वर्ग स्टेशनवर नेते. शाहूपुरी ही स्टेशनच्या पोटातलीच पेठ. मिरजेहून रेल्वे इथं आली १८९१ साली, आणि चार वर्षांनी, १८९५ मध्ये, शाहू महाराजांनी गुळाच्या व्यापारासाठी ही पेठ वसवली. आज गूळ मार्केट यार्डात गेला तरी गाड्यांच्या वेळेवर दिवस लावायची इथल्या माणसांची सवय गेलेली नाही. ‘कोयना गेली की दुकान उघडतो’, ‘महालक्ष्मी सुटली की जेवतो’ असं सांगणारे लोक मला माहीत आहेत. गाडीचं वेळापत्रक इंग्रजीत साध्या वर्तमानातच सांगतात: ‘द महालक्ष्मी लीव्ज ॲट नाइट.’ माणसाचा दिनक्रम आणि गाडीचं वेळापत्रक, दोघांना एकच काळ. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिणेतल्या साध्या सरकारी शाळांत ‘बंगळूर प्रकल्प’ म्हणून एक प्रयोग केला. व्याकरण न शिकवता पोरांपुढं वेळापत्रकं, नकाशे ठेवायचे आणि प्रश्न सोडवायला लावायचे. प्रश्नाच्या नादात भाषा येते, हा त्यांचा आग्रह. माझी स्टेशनची सहल ही त्याचीच गरिबाघरची नक्कल. आणि ‘एस’ची एक मजा तिथं कळली. ‘लीव्ज’, ‘कम्स’, ‘स्टॉप्स’: गाडीला सगळ्या जणी बिनचूक ‘एस’ लावतात. गाडीचा मान ठेवायचा नसतो ना.

मूर्तिकार मामांचा दिनक्रम मात्र कुठल्याच तक्त्यात बसला नाही. ते म्हणाले, “बाई, मला ‘डेली’च न्हाई.” उन्हाळ्यात साचे, मग ओतकाम, पावसाळ्यात वाळवायची धडपड, श्रावणात रंग, आणि चतुर्थीच्या आधी डोळ्यांची आखणी. त्या आठवड्यात रात्र आणि दिवस एकच. गणपती गेले की महिनाभर माणूस दुपारपर्यंत झोपतो. ‘एव्हरी डे’ हा शब्द नोकरदाराचा आहे. कुंभाराचा, शेतकऱ्याचा दिवस महिन्यावर चालतो. मी त्यांचा तक्ता वेगळा केला, घड्याळाऐवजी पंचांगाचा. ‘इन श्रावण, आय पेंट. बिफोर चतुर्थी, आय पेंट द आइज.’ एवढं बोलून झाल्यावर ते स्वतःच म्हणाले, “डोळे लिव्हताना मी कुणाशी बोलत न्हाई, त्येबी सांगू का?” आणि सांगितलं: “दॅट टाइम, आय डोन्ट स्पीक.” माझ्या वर्गातल्या सगळ्या वाक्यांत हे माझं सगळ्यांत आवडतं.

नर्सताईची गोष्ट उलट. तिला परदेशी जायचंय, त्यासाठी आयेल्ट्‌स. तिथली तोंडी परीक्षा सगळी मिळून ११ ते १४ मिनिटांची. पहिली ४-५ मिनिटं घर, काम, आवडीनिवडी अशा ओळखीच्या विषयांवर. तिनं कुठूनतरी पाठ केलेलं उत्तर धडाधड म्हणून दाखवलं: मी पहाटे उठते, योगासनं करते, फिरायला जाते. मी विचारलं, पहाटे तू कुठं असतेस? ती म्हणाली, “वॉर्डात.” पाठ केलेलं उत्तर परीक्षकाला ओळखू येतं, त्याला तेच तर शिकवलेलं असतं. आणि हिचं खरं उत्तर केवढं चांगलं होतं! ‘आय स्टार्ट वर्क ॲट नाइन ॲट नाइट. आय हॅव डिनर ॲट टू. आय गो टू बेड व्हेन माय सन गोज टू स्कूल.’ तिला वाटत होतं, असा उलटा दिवस इंग्रजीत चालत नसेल.

‘ऑलवेज, युजुअली, समटाइम्स, नेव्हर’ हा धडा मी घाईनं उरकते. ‘व्हॉट डू यू डू इन युवर फ्री टाइम’ हा पुढचा प्रश्न तर मी आता सोडूनच देते. एकदा विचारला होता. बराच वेळ कुणी बोललं नाही, खालचा डंकही नेमका त्या वेळी बंद होता. मग एक जण म्हणाली, “आय कम हिअर.”

गेल्या महिन्यात मी वर्ग एका दुपारी वहिनींच्या घरी नेला. म्हटलं, फळा नको, खरंच दाखवत दाखवत सांगू. स्वयंपाकघरात आम्ही सात-आठ जणी दाटीवाटीनं उभ्या. वहिनी एकेका वस्तूला हात लावत होत्या: चूल नाही, गॅस, काटवट, तवा, पिंप. मधल्या खोलीत कॉटवर सासूबाई जपमाळ घेऊन बसलेल्या, आमच्याकडं पाठ, पण माळ थांबलेली. वहिनींनी माझ्याकडं पाहिलं, आवाज जरा खाली आणला आणि म्हणाल्या, “माय मदर-इन-लॉ गेट्स अप ॲट फोर.” ‘एस’ असा स्पष्ट, की शेजारची बाई मला कोपरानं ढोसायला लागली.

कॉटवरून आवाज आला. “मदरिनला म्हंजे मीच न्हवं? काय म्हणाली गं माझ्याबद्दल?”

वहिनींचा चेहरा उतरला. मी पुढं झाले. “काही नाही, आज्जी. तुम्ही रोज चारला उठता, असं सांगितलं.”

आज्जींनी मान वळवून सुनेकडं पाहिलं. “चारला कुठं? पावणेचारला उठतोय मी. नीट सांग.”

वहिनींनी डोळे मिटून बोटांवर हिशोब केला. “गेट्स अप,” त्या म्हणाल्या, “ॲट क्वार्टर टू फोर.”

“हां,” आज्जी म्हणाल्या, आणि माळ परत फिरायला लागली.